टोरंटो म्हणजे डबल शिफ्ट

लोखंड वितळलं की वर मळ येतो, त्याला आम्ही स्लॅग म्हणतो. तो कुणी मुद्दाम बनवत नाही. माल बनवता बनवता बाजूला पडतो, आणि पंचवीस वर्षांनी मान वर करून बघावं तर डोंगर झालेला असतो! किश्शांचंही तसंच आहे. नोकरीत असताना कुणी किस्से जमवत नाही. रिटायर झाल्यावर वैशाली नगरात साहूच्या टपरीवर सकाळी सातला बसलं, पहिला चहा पोटात गेला, की ढीग दिसायला लागतो.

आमच्या बैठकीत तिघं पक्के. तिघांचीही मुळं भंडारा-गोंदियाकडची, पण आयुष्य भिलाईत गेलं. मी प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरीबाबू होतो. तीन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापणारा माणूस, अशी माझी कीर्ती होती. माझं खरं नाव आता माझ्या बायकोलाच आठवतं, बाकी सगळे 'टाइमबाबू' म्हणतात. दुसरा मेश्राम. प्लांटच्या आतल्या रेल्वेवर इंजिन चालवायचा, अजून उतईहून रोज स्कूटरवर येतो. तिसरा बागडे, क्रेन ऑपरेटर, राहायला बोरसीत. यातले बरेच किस्से त्याचेच आहेत. साहू आमच्यातला नाही. तो चहा करतो, आणि आम्ही चुकलो की छत्तीसगढीत सुधारतो.

* * *

आम्ही लांबचं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, शिफ्टमध्ये मोजतो. जन्मभर दिवसाचे आठ-आठ तासांचे तुकडे पाडले, आता दुसरं माप डोक्यात बसत नाही. नागपूर म्हणजे अर्धी शिफ्ट. माझा मुलगा पुण्याला असतो, ते रेल्वेनं दोन शिफ्टा आणि वर ओव्हरटाइम. मेश्रामची मुलगी बंगळुरूला. तिथं तर रजेचा अर्ज टाकल्याशिवाय जाऊच नये!

बागडेची एकुलती एक पोर्णिमा टोरंटोला. गेल्या जुलैत एका सकाळी जावयाचा, निलेशचा फोन आला. बागडे फोन वॉकीटॉकीसारखा तोंडासमोर धरतो, त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं आम्हाला कळतं.

"बाबा, रायपूर ते दिल्ली दोन तास," निलेश सांगत होता. "दिल्ली ते टोरंटो डायरेक्ट चौदा. अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर आहे, पण तुमाले काय, फक्त बसून राहायचं आहे."

मी लगेच बोटांवर हिशेब केला. "दिल्लीतलं थांबणं धरू नका. क्रेनखाली उभे राहिलेले तास टाइम ऑफिस मोजत नाही. हवेतले तेवढे धरा. दोन अन् चौदा, सोळा. म्हणजे डबल शिफ्ट!"

"मंग काय बागडे!" मेश्राम ओरडला. "एवढ्या डबल मारल्या तू, अजून एक मार!"

आम्ही दोघं खो-खो हसलो. बागडेनं अर्धा ग्लास बाकावर ठेवला आणि सायकल काढून चालता झाला.

साहू ग्लासाकडे बघत राहिला. "आधा चाय छोड़ दिस! आज तक नइ छोड़े रिहिस."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सोळा या आकड्याला बागडेच्या घरात वेगळा अर्थ होता, आणि तो मला तरी आठवायला हवा होता. सांगतो. पण आधी हा माणूस काय चीज आहे ते कळू द्या.

* * *

क्रेनवर एक नियम असतो. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, शिडी चढून केबिनमध्ये आल्याशिवाय आधीच्यानं खुर्ची सोडायची नाही. खाली उकळत्या लोखंडाचा हंडा लटकलेला असतो, गंमत नव्हे. येणारा केबिनमध्ये शिरतो, बसलेल्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "उतर." एवढंच. तो हात पडला की शिफ्ट संपली. बागडेनं हा नियम प्लांटमध्ये पाळलाच, पण बाहेरही सोडला नाही.

मेश्रामच्या पोराचं लग्न उतईला होतं. बूंदीची परात सांभाळायला माणूस हवा होता. मेश्राम म्हणाला, "बागडे, जरा उभा राय इथं, मी आलोच." आणि लग्नघरात जे होतं तेच झालं, मेश्राम विसरला.

जेवणं आटोपली. वरात गेली. मांडववाला कापड सोडायला लागला. मी चपला शोधत मागच्या अंगाला गेलो, तर बागडे हातात झारा घेऊन परातीशी उभा! स्वतः उपाशी. परातीत बूंदीचा दाणा नाही.

"अरे, इथं काय करून राहिला?" मी विचारलं.

"रिलीव्हर नाही आला."

"परात रिकामी आहे बावा!"

"ते मले बी दिसते. पण मेश्रामनं उभं केलं, मेश्राम सोडंल."

शेवटी मेश्रामला नवरदेवाच्या गाडीतून उतरवून आणावं लागलं. त्यानं खांद्यावर हात ठेवून "उतर बाबा, उतर" म्हटलं, तेव्हा कुठं बागडेनं झारा खाली ठेवला. आणि मग पहिला प्रश्न विचारला, "भात उरला का थोडा?"

* * *

आता सोळाचं सांगतो. हे सांगताना मला हसू येत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पोर्णिमाच्या जन्माच्या दिवशी बागडे सकाळी सहाच्या शिफ्टला क्रेनवर चढलेला होता. नऊच्या सुमारास हॉस्पिटलमधून टाइम ऑफिसात फोन आला, बायकोला भरती केलंय म्हणून. फोन मी घेतला. चिठ्ठी लिहिली आणि स्वतः शॉपमध्ये गेलो. क्रेनची केबिन वर छताशी, खाली आवाज असा की हाक मारून उपयोग नाही. त्याचा जेवणाचा डबा दोरीला बांधून वर जायचा. मी चिठ्ठी डब्याच्या झाकणात ठेवली आणि डबा वर ओढायला लावला.

त्यानं चिठ्ठी वाचलेली मला खालून दिसली. त्यानं काचेतून दोन्ही हात पालथे-उलथे करून विचारलं, कुणी आहे का सोडवायला? एक ऑपरेटर आजारी, दुसरा गावाला. मी मान हलवली. त्यानं अंगठा दाखवला आणि पुन्हा क्रेनचे दांडे धरले. दोनला तरी सुटेल, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो होतो. दोनला धुवाधार पाऊस सुरू होता, उतईकडच्या नाल्याला पूर होता, आणि रिलीव्हर पलीकडच्या काठावर अडकला होता.

रात्री दहाला बागडे उतरला. हॉस्पिटल प्लांटपासून सहा किलोमीटरवर. पोचला तेव्हा पोर्णिमा जन्मून, रडून, दूध पिऊन झोपलेली होती. रुखमावहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "सहा किलोमीटरले सोळा तास?"

पुढं त्या वाक्याची घरात म्हण झाली. बागडे कोथिंबीर आणायला गेला आणि गप्पांत रमला, की वहिनी दारात उभ्या, "सहा किलोमीटरले सोळा तास?" पोर्णिमा मोठी झाल्यावर तीही म्हणायला लागली. तो हसायचा. पण पहिल्यांदा वहिनी हसून बोलल्या नव्हत्या, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. माझ्याही गेलं नाही. त्या दिवशीच्या हजेरीत त्याच्या नावापुढं 'डबल' मीच लिहिलं होतं.

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली.

* * *

अर्धा चहा सोडून गेलेला बागडे दुसऱ्या दिवशी आला, तो ठरवूनच. "मी नाही जात. मी निघालो की उशीरच होते."

त्याच वेळी पोर्णिमाचा फोन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी असते. मले येता येत नाही. आई नाही. सासूबाईच्या गुडघ्यानं जिना बी चढवत नाही. आता तुमीच माझं माहेर. मंग माहेर इकडं येणार का नाही, तेवढं सांगा."

मेश्रामला गप्प बसवेना. "पोरी, बाळंतपणाले बापमाणूस येते का कुठं?"

"मेश्रामकाका," फोनमधून आवाज आला, "तुमी एवढं मोठं इंजिन चालवलं नं? तं बाबा कुकर चालवतील!"

मेश्रामनं तोंडात बिस्कीट घातलं. बागडे आमच्याकडे वळून म्हणाला, "डिंकाचे लाडू कसे करत असते?"

व्हिसा-तिकीट निलेशनं बघितलं. सप्टेंबरच्या एका शुक्रवारचं विमान, बाळंतपणाच्या तारखेच्या बारा दिवस आधी. लाडू आमच्या माथी आले! साहूची शेगडी, माझ्या बायकोची कृती, मेश्रामची देखरेख आणि बागडेचा हात. पाक कच्चा राहू नये म्हणून बागडे तो ढवळतच राहिला. अर्ध्या तासानं मी म्हटलं, "अरे, उतरव आता!"

"ताप बरोबर आल्याशिवाय मी माल सोडत नसतो."

लाडू झाले. मेश्रामनं एक घेतला, दाताखाली धरला, बाहेर काढून न्याहाळला. "बागडे, हा चाकाखाली लावला तं डब्यांची अख्खी रांग उतारावर थांबंल!"

टपरीचं बाक कित्येक वर्षं डुगडुगत होतं. साहूनं तो लाडू उचलून बाकाच्या पायाखाली सरकवला. अजून तिथंच आहे. बाक हललेलं नाही.

दुसरा घाणा माझ्या बायकोनं घरी केला. बागडेनं मात्र दोन्ही घाणे बांधून घेतले. पहिला का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "माझ्या हातचे आहेत. खाल्ले नाही तरी पाहील तं सही."

* * *

विमानात बसलेला आमच्यात एकटा मेश्राम. त्याच्या जावयानं हौसेनं रायपूरहून मुंबईचं तिकीट काढून दिलं होतं. त्यामुळे बागडेचा प्रशिक्षण अधिकारी तोच.

त्याची स्वतःची कथा अशी. विमानात बसला, पट्टा हातात धरला, पण लावेना. एअर होस्टेस आली. "अंकल, बेल्ट लगा लीजिए."

"लगाता हूँ बेटी. पहले ये बताओ, गार्ड कहाँ बैठता है?"

"गार्ड? अंकल, गार्ड नहीं होता."

"नहीं होता? फिर पीछे कौन देखता है? झंडी कौन दिखाएगा?"

मुलगी बिचारी हसू दाबत पुढं गेली. मेश्राम म्हणतो, तो उठायच्याच बेतात होता. छत्तीस वर्षांत मागची झेंडी बघितल्याशिवाय त्यानं इंजिन वीतभर हलवलं नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून त्याला खाली एक माणूस दिसला, दोन्ही हातांत दांडके घेऊन विमानाला इशारे करणारा. मेश्रामनं सुटकेचा श्वास सोडला, पट्टा लावला आणि शेजारच्याला सांगितलं, "अब चलने दो. अपना आदमी खड़ा है."

बागडेची काळजी मात्र वेगळी होती. उंचीची भीती त्याला नव्हती, सगळी नोकरीच त्यानं छताशी बसून केली. तो म्हणाला, "मेश्राम, हातात दांडा नसला तं मी हात कुठं ठेवू? सोळा तास?"

मेश्रामनं विचार केला. "पोटावर ठेव. मी तेच केलं."

* * *

क्रेनवाला हँडओव्हरसाठी वेळेच्या आधी पोचतो. विमान सकाळी आठचं, म्हणून बागडेनं आम्हाला पाचच्या आत रायपूर विमानतळाच्या दारात उभं केलं. दारावरचे लोक जांभया देत होते. त्यानं अंगात प्लांटचं जुनं जाकीट घातलं होतं. टोरंटोला थंडी असते म्हणे.

आम्हाला आत सोडेनात. मी त्याला तोंडी सूचना दिल्या, विमानांच्या वेळा लिहिलेला कागद त्याच्या खिशात घातला. काचेपलीकडे गेल्यावर त्यानं वळून अंगठा दाखवला. मला एकदम डब्याच्या झाकणातली चिठ्ठी आठवली. मेश्रामला माझं तोंड दिसू नये म्हणून मी चहाचा स्टॉल शोधायला लागलो.

आतलं त्यानं दिल्लीहून फोन करून सांगितलं. सुरक्षेच्या मशीनमध्ये त्याची पिशवी अडली. पडद्यावर गोल गोल, काळे, भरीव असे पंचवीस-तीस गोळे दिसत होते. जवानानं पिशवी उघडायला लावली.

"ये क्या है, अंकल?"

"लड्डू. बेटी के लिए."

जवानानं एक उचलला, टेबलावर ठोकला. ठक्क! शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

"अंकल, सच बताइए. खाने की चीज़ है तो ले जाइए, कुछ और है तो यहीं बोल दीजिए."

बागडेनं शांतपणे त्याच्या हातातून लाडू घेतला, दाढेखाली धरला आणि सगळा जोर लावून फोडला. अर्धा जवानाला दिला, अर्धा स्वतः चावला. पाच मिनिटं लागली म्हणे. जवानानंही खाल्ला. वर म्हणाला, "मेरी माँ भी ऐसा ही बनाती थी. जाइए!"

"दाढ हलून राहिली थोडी," बागडे फोनवर म्हणाला. "पण माल पास झाला. चढतो आता, टाइमबाबू. वरतं फोन लागत नसते."

एक वाजता विमान सुटलं.

* * *

यापुढची चूक माझी. छत्तीस वर्षं लोकांचं घड्याळ तपासलेल्या माणसाची!

निलेशनं कळवलं होतं, 'बाबा शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला पोचतील.' मी साहूच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलं, 'बागडे, इन, १७.३०'. बरोबर साडेपाचला आम्ही टपरीवर. मेश्रामनं उतईहून जिलबी आणली होती. मी फोन लावला. बंद.

पाच तेहतीस. "तीन मिनिट लेट," मेश्राम म्हणाला. "काप अर्धा दिवस!"

पावणेसहा. बंद. सहा. बंद. जिलबीला कुणी हात लावेना. मेश्रामनं हळूच बोटं मोजली. "टाइमबाबू, एकले सुटलं. साडेपाचले पोचलं. साडेचार तास होते. चौदा तासाचा रस्ता साडेचार तासात कसा काटला?"

"डायरेक्ट आहे ना," मी म्हटलं. बोलताना मला ते पटलंही होतं!

साहूनं गाळणं झटकलं. "बाबूजी, मोर भतीजा उहां रहिथे. जब मोर संझा होथे, ओकर बिहनिया होथे. तुंहर साढ़े पांच अउ ओकर साढ़े पांच एक नो हे."

मी फळीवरचा आकडा हातानं पुसला. तिथं आत्ता सकाळ होती. बागडे अजून आभाळात होता, जेमतेम पाच तास झालेले, नऊ बाकी. मेश्राम हसायच्या बेतात होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. निलेशचा मेसेज.

'पोर्णिमाला आत्ता हॉस्पिटलमध्ये आणलं. कळा सुरू झाल्यात. बाबांचा फोन बंद आहे. काका, त्यांना कळवता येईल का?'

मी तो मोठ्यानं वाचला. बारा दिवस आधी! पुन्हा तेच. पोर्णिमा हॉस्पिटलात, बागडे वर, आणि निरोप माझ्या हातात. त्या दिवशी निदान डबा होता, दोरी होती.

"नऊ तास," मेश्राम म्हणाला. "पोरगी थांबंल का नऊ तास?"

"रुखमावहिनी नव्हत्या थांबल्या," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

साहूनं जिलबीवर कागद झाकला. "काली खाबो," तो म्हणाला, म्हणजे उद्या खाऊ.

* * *

शनिवारी सातला मी, मेश्राम आणि साहू, तिघंही वेळेच्या आधी हजर होतो. सात वाजून दहा मिनिटांनी निलेशचा फोन आला. मी बागडेसारखाच तोंडासमोर धरला.

मुलगी झाली. तिकडच्या शुक्रवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी. या वेळी मी दोनदा ताडून पाहिलं. मायलेकी ठीक. आणि बागडे? बागडे तिच्या आधी दीड तास पोचला होता! मेश्रामनं जिलबीवरचा कागद काढला, शिळ्या जिलबीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला, आणि एकाएकी तोंड फिरवून स्कूटर पुसायला लागला. मी रडलो. साहूच्या टपरीवर, सकाळच्या गिऱ्हाइकांसमोर, सरळ रडलो.

"काका, ऐकता ना?" निलेशचा आवाज बसलेला होता. तो सांगत गेला ते असं.

तो सकाळपासून पोर्णिमाच्या उशाशी उभा होता. तिनं त्याचा हात धरलेला, तो सोडवून पाणी प्यायलाही गेला नव्हता. अकरा तास झाले होते. विमानतळावर मित्राला पाठवलं होतं, त्यानं बागडेला थेट हॉस्पिटलात आणलं. दार उघडलं. अंगात प्लांटचं जाकीट, हातात लाडवांची पिशवी, डोळे लाल. नर्सनं काही विचारलं, ते त्याला कळलं नाही. तो सरळ आत आला.

निलेश म्हणाला, "बाबा, तुमी दमले असाल. जरा बाहेर बसा."

बागडेचं लक्ष नव्हतं. पोर्णिमानं डोळे उघडले होते. घामानं केस कपाळाला चिकटलेले. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा, किती तास लागले?"

"सोळा."

"सहा किलोमीटरले?"

बागडेनं पिशवी खुर्चीवर ठेवली. पलंगाला वळसा घालून तो निलेशच्या मागं गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, उतरा."